ऑस्वाल्ड एव्हरी

ऑस्वाल्ड थिओडोर एव्हरी (२१ ऑक्टोबर, १८७७, हॅलिफॅक्स, नोव्हा स्कॉशिया, कॅनडा - २० फेब्रुवारी, १९५५, नॅशव्हिल, टेनेसी, अमेरिका) हे कॅनडात जन्मलेले अमेरिकन वैद्य व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. आनुवंशिक गुणधर्म वाहून नेणारा पदार्थ प्रथिन नसून डीएनए आहे, हे त्यांनी १९४४ साली कॉलिन मॅक्लाउड आणि मॅक्लिन मॅककार्टी या सहकाऱ्यांसह दाखवून दिले. याच शोधामुळे त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत आढळते. तथापि सी-रिॲक्टिव्ह प्रथिन, म्हणजेच सीआरपी, याचा शोधही त्यांच्याच प्रयोगशाळेत लागला, ही गोष्ट त्या मानाने कमी परिचित आहे. नवजात अर्भकाला जंतुसंसर्ग झाला आहे किंवा कसे, हे ठरवताना आज जगभर ज्या रक्तचाचण्यांचा आधार घेतला जातो, त्यांत या प्रथिनाच्या मोजमापाला महत्त्वाचे स्थान आहे.

बालपण व शिक्षण

एव्हरी यांचे वडील जोसेफ फ्रान्सिस एव्हरी हे बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. ते व त्यांच्या पत्नी एलिझाबेथ हे दांपत्य इंग्लंडहून कॅनडात येऊन हॅलिफॅक्स येथे स्थायिक झाले. ऑस्वाल्ड हे त्यांच्या तीन मुलांपैकी दुसरे. १८८७ साली हे कुटुंब न्यू यॉर्क शहरात आले. वडिलांकडे ज्या चर्चची जबाबदारी आली, ते शहराच्या लोअर ईस्ट साइड या गरीब स्थलांतरितांच्या दाट वस्तीत होते. ऑस्वाल्ड व त्यांचे थोरले बंधू अर्नेस्ट हे कॉर्नेट हे वाद्य शिकले आणि रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून ते वाजवू लागले.

१८९२ साली अर्नेस्ट आणि वडील या दोघांचाही मृत्यू झाला. त्यानंतर आईने धर्मकार्यातील नोकरी सांभाळून संसार चालवला. ऑस्वाल्ड यांनी कोलगेट विद्यापीठातून १९०० साली मानव्यविद्येची पदवी घेतली. तेथे ते विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाचे प्रमुख होते आणि वक्तृत्वातही त्यांचा लौकिक होता. विज्ञानाचे शिक्षण त्यांनी तोवर फारसे घेतले नव्हते. असे असतानाही त्यांनी वैद्यकाची वाट धरली आणि १९०४ साली कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यक महाविद्यालयातून पदवी मिळवली.

वैद्यकीकडून प्रयोगशाळेकडे

पदवीनंतर सुमारे तीन वर्षे एव्हरी यांनी न्यू यॉर्कमध्ये वैद्यकी केली. फुप्फुसांच्या जुनाट विकारांनी ग्रासलेल्या रुग्णांसाठी त्या काळी वैद्याला फारसे काही करता येत नसे. ही असहायता त्यांना बोचत राहिली आणि त्यांचे मन वैद्यकीच्या व्यवसायातून उडाले. १९०७ साली ते ब्रुकलिन येथील होगलंड प्रयोगशाळेत रुजू झाले. सूक्ष्मजीवशास्त्राचे पद्धतशीर धडे त्यांनी खऱ्या अर्थाने येथेच गिरवले. येथील विद्यार्थ्यांना ते शिकवत आणि त्यातूनच त्यांना 'प्रोफेसर' या शब्दाचे लघुरूप असलेले 'फेस' हे टोपणनाव पडले. सहकाऱ्यांमध्ये ते जन्मभर याच नावाने ओळखले गेले.

१९१३ साली न्यू यॉर्क येथील रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयाचे संचालक रूफस कोल यांनी त्यांना आपल्या संस्थेत बोलावून घेतले. या रुग्णालयात निवडक रोगांचेच रुग्ण दाखल केले जात आणि रुग्णशय्येपासून काही पावलांवर त्या रोगावर संशोधन करणारी प्रयोगशाळा असे. एव्हरी यांच्याकडे न्यूमोनियाचा अभ्यास आला आणि पुढील पस्तीस वर्षे त्यांनी याच संस्थेत काढली. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाले आणि १९१८ साली त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले.

न्यूमोनियाच्या जंतूचा अभ्यास

विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूमोनिया हे अमेरिकेतील मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक होते. प्रतिजैविके उपलब्ध होण्यापूर्वीचा तो काळ होता. घोड्यांना न्यूमोकॉकस हा जंतू टोचून त्यांच्या रक्तातून मिळवलेला रक्तरस, म्हणजेच सीरम, रुग्णाला देणे हा एक उपचार होता. परंतु न्यूमोकॉकसचे अनेक प्रकार आहेत आणि एका प्रकाराविरुद्ध तयार केलेला रक्तरस दुसऱ्यावर चालत नाही, असे दिसून आले. त्यामुळे रुग्णाच्या शरीरात नेमका कोणता प्रकार आहे, हे लवकर ओळखणे अत्यावश्यक ठरले.

१९१७ साली अल्फॉन्स डोशे आणि एव्हरी यांनी दाखवले, की न्यूमोकॉकस आपल्याभोवती एक विद्राव्य पदार्थ सोडतो आणि तो रुग्णाच्या रक्तात व लघवीतही सापडतो. या पदार्थावरून जंतूचा प्रकार ओळखता येत असे. १९२३ साली रसायनशास्त्रज्ञ मायकेल हायडेलबर्गर यांच्यासह एव्हरी यांनी हा पदार्थ बहुशर्करेय, म्हणजे शर्करांच्या लांब साखळ्यांचा बनलेला असल्याचे दाखवले. शरीराची प्रतिकारशक्ती केवळ प्रथिनांनाच ओळखते, असा तोवर समज होता. त्याला या शोधाने धक्का दिला. जंतूभोवतीच्या याच आवरणाचा उपयोग करून पुढे न्यूमोकॉकसविरुद्धच्या लशी तयार झाल्या. १९३० साली एव्हरी आणि रेने द्युबो यांनी या आवरणाचे विघटन करणारे एक विकर मातीतील जंतूपासून मिळवले.

याच सुमारास रिबेका लान्सफील्ड या तरुण संशोधिकेने आपल्या कार्याचा आरंभ एव्हरी आणि डोशे यांच्या हाताखाली केला होता. आरंभी त्या दोघांसाठी तंत्रज्ञ म्हणून काम करणाऱ्या लान्सफील्ड यांनी पुढे स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचे गट पाडले. त्यांपैकी 'ब' गटातील स्ट्रेप्टोकॉकस हा पाश्चात्त्य देशांत जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत अर्भकांना होणाऱ्या गंभीर संसर्गाचे एक प्रमुख कारण असल्याचे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले.

सी-रिॲक्टिव्ह प्रथिनाचा शोध

१९३० साली एव्हरी यांच्या प्रयोगशाळेतील विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तरसाची जंतूच्या निरनिराळ्या घटकांशी होणारी प्रक्रिया तपासत होते. या घटकांपैकी एकाला त्यांनी 'सी' हे अक्षर दिले होते. हे बहुशर्करेय न्यूमोकॉकसच्या सर्वच प्रकारांत आढळे. एखाद्या संसर्गाविरुद्धची प्रतिद्रव्ये आजार उतरणीला लागल्यावर रक्तात दिसू लागतात, हे त्यांना ठाऊक होते. 'सी' घटकाच्या बाबतीत मात्र नेमके उलट घडले. आजार ऐन भरात असताना रुग्णाचा रक्तरस 'सी'मध्ये मिसळला, की साका तयार होई. ताप उतरून रुग्ण बरा होऊ लागला, की तोच रक्तरस निष्क्रिय ठरे.

पुढील तपासात आणखी एक आश्चर्य समोर आले. संधिवाताचा तीव्र ताप, हृदयाच्या अंतःस्तराचा जंतुसंसर्ग यांसारख्या, न्यूमोकॉकसशी काहीही संबंध नसलेल्या आजारांतही हीच प्रक्रिया दिसली. याचा अर्थ असा, की रक्तातील हा पदार्थ विशिष्ट जंतूविरुद्ध निर्माण होणारे प्रतिद्रव्य नव्हता. शरीरात कोठेतरी तीव्र दाह होत असल्याची ती सर्वसाधारण वर्दी होती.

१९४१ साली थिओडोर ॲबरनेथी आणि एव्हरी यांनी हा पदार्थ प्रथिन असल्याचे आणि 'सी'शी संयोग होण्यासाठी त्याला कॅल्शियमची आवश्यकता असल्याचे दाखवले. त्याच वर्षी मॅक्लाउड आणि एव्हरी यांनी हे प्रथिन वेगळे करून सशांना टोचले आणि त्याविरुद्धची प्रतिद्रव्ये मिळवली. यामुळे मूळ 'सी' घटकाशिवायही रुग्णाच्या रक्तातील प्रथिन अधिक संवेदनक्षम रीतीने ओळखता येऊ लागले. रोगाच्या तीव्र अवस्थेत रक्तात वाढणाऱ्या अशा प्रथिनांना 'तीव्र अवस्थेतील प्रथिने' असे नाव मिळाले. १९४७ साली मॅककार्टी यांनी हे प्रथिन स्फटिकरूपात मिळवले.

हे प्रथिन यकृतात तयार होते, निरोगी माणसाच्या रक्तातही ते अत्यल्प प्रमाणात असते आणि तीव्र संसर्गात त्याचे प्रमाण शेकडो पटींनी वाढू शकते, या गोष्टी पुढील संशोधनातून समोर आल्या. जंतूंच्या आणि मृत पेशींच्या पृष्ठभागावरील फॉस्फोकोलीन या रेणूला ते चिकटते आणि त्यांचा निचरा करणाऱ्या संरक्षक यंत्रणेला जागे करते.

आनुवंशिक पदार्थाचा शोध

१९२८ साली ब्रिटिश वैद्य फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. आवरण नसलेले निरुपद्रवी न्यूमोकॉकस आणि उष्णतेने मारलेले आवरणयुक्त न्यूमोकॉकस एकत्र करून उंदरांना टोचले असता उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात आवरणयुक्त जिवंत जंतू सापडले. मृत जंतूंकडून जिवंत जंतूंना एक गुणधर्म मिळाला होता आणि तो त्यांच्या पुढील पिढ्यांतही उतरत होता. न्यूमोकॉकसचे प्रकार स्थिर असतात, या मतावर एव्हरी यांचे सारे काम उभे होते. त्यामुळे आरंभी त्यांनी या निष्कर्षावर विश्वास ठेवला नाही. त्यांच्याच प्रयोगशाळेतील मार्टिन डॉसन यांनी या प्रयोगाची खातरजमा केली. त्यानंतर उंदराशिवाय परीक्षानळीत आणि पुढे जेम्स ॲलोवे यांच्या प्रयत्नांतून मृत जंतूंच्या केवळ अर्कानेही हे रूपांतर घडवता आले. तेव्हा एव्हरी यांनी आपले मत बदलले आणि रूपांतर घडवणारा पदार्थ कोणता, हा प्रश्न हाती घेतला.

या कामी प्रथम मॅक्लाउड व १९४१ पासून मॅककार्टी यांनी साथ दिली. त्यांनी अर्कातील घटक एकेक करून नष्ट केले. प्रथिनांचे आणि आरएनएचे विघटन करणारी विकरे वापरूनही अर्काची शक्ती अबाधित राहिली. डीएनएचे विघटन करणारे विकर मिसळताच ती नाहीशी झाली. शुद्ध केलेला पदार्थ साठ कोटी भागांत एक भाग इतका विरल असतानाही रूपांतर घडवत होता. हा शोधनिबंध १९४४ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला, तेव्हा एव्हरी ६६ वर्षांचे होते. निबंधाची भाषा अतिशय जपून वापरलेली होती. डीएनए म्हणजेच जनुक, असा ठाम दावा त्यांनी त्यात केला नाही.

डीएनएची रचना अगदी साधी व एकसुरी आहे, ती आनुवंशिकतेची गुंतागुंत सांभाळू शकणार नाही, अशी त्या काळची धारणा होती. रॉकफेलर संस्थेतीलच आल्फ्रेड मिर्स्की यांनी नमुन्यात प्रथिनाचा सूक्ष्म अंश उरला असण्याची शंका सातत्याने मांडली. १९५२ साली आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांच्या जीवाणुभक्षी विषाणूंवरील प्रयोगांनी आणि १९५३ साली जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांनी मांडलेल्या द्विसर्पिल रचनेने हा वाद संपुष्टात आणला.

मान-सन्मान आणि नोबेल पारितोषिक

लंडनच्या रॉयल सोसायटीने १९४५ साली एव्हरी यांना कोपली पदक दिले आणि १९४७ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. कोपली पदक स्वीकारण्यासाठी ते लंडनला गेले नाहीत. हेन्री डेल यांनी न्यू यॉर्कला येऊन ते त्यांच्या हाती दिले. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, परंतु ते त्यांना मिळाले नाही. डीएनएचे महत्त्व सर्वमान्य होत असतानाच त्यांचा मृत्यू झाला. विज्ञानाच्या इतिहासात नोबेल समितीच्या ठळक उणिवांमध्ये या प्रसंगाची गणना होते.

स्वभाव आणि अखेरची वर्षे

एव्हरी अविवाहित होते. डोशे यांच्याबरोबर ते अनेक वर्षे एकाच घरात राहिले. ठेंगणी, सडपातळ अंगकाठी, मृदू बोलणे आणि नेटका पोशाख असे त्यांचे वर्णन सहकाऱ्यांनी केले आहे. परिषदा, प्रवास आणि भाषणे ते शक्यतो टाळत. हाताखालच्या तरुणांच्या ज्या कामात आपला प्रत्यक्ष वाटा नाही, त्या शोधनिबंधावर ते आपले नाव घालत नसत. १९३० च्या 'सी' घटकावरील निबंधावरही केवळ टिलेट व फ्रान्सिस यांचीच नावे आहेत. या दोघांनीही पुढे स्वतंत्र लौकिक मिळवला. रक्ताच्या गुठळ्या विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजच्या संशोधनाशी टिलेट यांचे, तर १९५४ च्या पोलिओ लशीच्या विराट क्षेत्रचाचणीशी फ्रान्सिस यांचे नाव जोडलेले आहे.

१९४३ साली एव्हरी औपचारिकरीत्या निवृत्त झाले, तरी १९४८ पर्यंत ते प्रयोगशाळेत काम करत राहिले. त्यानंतर ते नॅशव्हिल येथे राहावयास गेले. त्यांचे धाकटे बंधू रॉय हे तेथील व्हँडरबिल्ट विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. तेथेच २० फेब्रुवारी, १९५५ रोजी यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

नवजात अर्भकांच्या निदानातील उपयोग

एव्हरी यांचे संशोधन प्रामुख्याने प्रौढांच्या न्यूमोनियाशी निगडित होते. सीआरपीची चाचणी आरंभी मुख्यतः संधिवाताच्या तापासाठी वापरली गेली. थोड्या रक्तात प्रथिनाचे अचूक प्रमाण मोजणाऱ्या पद्धती आल्यावर विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ती नवजात अर्भकांसाठीही रूढ झाली.

नवजात अर्भकातील जंतुसंसर्ग ओळखणे अवघड असते. बाळ दूध ओढत नाही, मलूल पडते, अंग गार लागते किंवा श्वास मध्येच थांबतो. ताप येईलच असे नसते. ही लक्षणे इतर कारणांनीही दिसू शकतात. निदानास उशीर झाल्यास काही तासांत जिवावर बेतते. दुसरीकडे, केवळ शंकेपोटी प्रत्येक बाळाला प्रतिजैविके दिल्यास औषधांना दाद न देणारे जंतू फोफावतात आणि बाळ विनाकारण आईपासून दूर ठेवले जाते. रक्तातील जंतू वाढवून पाहणारी संवर्धन चाचणी ही निदानाची प्रमाणभूत कसोटी मानली जाते. परंतु तिला साधारणतः एक-दोन दिवस लागतात आणि इवल्याशा बाळाकडून पुरेसे रक्त मिळाले नाही, तर संसर्ग असूनही जंतू सापडत नाहीत.

अशा वेळी सीआरपी उपयोगी पडते. आईची काही प्रतिद्रव्ये वारेतून बाळाच्या रक्तात जातात. सीआरपी मात्र लक्षणीय प्रमाणात वार ओलांडत नाही. त्यामुळे बाळाच्या रक्तात वाढलेले सीआरपी हे त्याच्याच यकृताने दिलेले उत्तर असते. संसर्ग सुरू झाल्यावर हे प्रमाण वाढू लागण्यास सुमारे ६ ते १२ तास लागतात आणि १ ते २ दिवसांत ते कमाल पातळीला पोहोचते. म्हणून जन्मल्याबरोबर किंवा आजाराच्या पहिल्या काही तासांत केलेली एकच चाचणी सामान्य आली, तरी संसर्ग नाही असे म्हणता येत नाही. सुमारे २४ तासांच्या अंतराने केलेल्या चाचण्या सामान्य आल्या आणि बाळही ठीक असले, तर संसर्गाची शक्यता बरीच कमी होते. प्रतिजैविके थांबवण्याचा निर्णय घेण्यास त्याचा आधार होतो.

प्रतिलिटर १० मिलिग्रॅम ही मर्यादा सामान्यतः वापरली जाते. भारतातील नवजात कक्षांत 'सेप्सिस स्क्रीन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचण्यांच्या संचात सीआरपीसह पांढऱ्या पेशींची एकूण संख्या, न्यूट्रोफिल पेशींची संख्या, त्यांतील अपक्व पेशींचे प्रमाण आणि रक्तपेशी खाली बसण्याचा वेग यांचा समावेश असतो. यांपैकी किमान दोन निकष जुळल्यास संच सकारात्मक धरला जातो. प्रोकॅल्सिटोनिन हे दुसरे दर्शक सीआरपीपेक्षा लवकर वाढते. परंतु निरोगी बाळांतही जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत ते आपोआप वाढत असल्याने त्याचा अर्थ बाळाच्या वयाच्या तासांनुसार लावावा लागतो.

सीआरपीची मर्यादा टिलेट आणि फ्रान्सिस यांच्या मूळ निरीक्षणातच दडलेली होती. हे प्रथिन कोणत्याही एका जंतूचे नाव सांगत नाही. अवघड प्रसूती किंवा बाळाने गर्भातच केलेली शी श्वासमार्गात जाणे, अशा कारणांनीही ते वाढते; अपुऱ्या दिवसांच्या बाळांत मात्र संसर्ग असूनही ते पुरेसे वाढत नाही. त्यामुळे उपचार सुरू करण्याचा निर्णय केवळ या आकड्यावर न घेता बाळाची लक्षणे, प्रसूतीचा इतिहास आणि संवर्धन चाचणी यांच्यासह घेतला जातो.